बिजागरी

ताईचा एक पाय नव्या बुटात होता आणि दुसरा नुसत्या मोज्यात, तेव्हा ती थांबली. विक्रेता तिच्यासमोर गुडघ्यावर बसून टाचेमागे पत्र्याची पट्टी सरकवत होता. बूट चावतो आहे असे समजून त्याने वर पाहिले आणि एक नंबर मोठा आणू का, असे विचारले. दूध उतू जाण्याच्या बेताला आले की स्वयंपाकघराकडे कान लावावा तशी तिने मान जराशी तिरकी केली आणि छताकडे पाहिले. छतात वाटोळ्या जाळीचा स्पीकर होता आणि त्यातून, हल्ली सगळ्याच दुकानांतून वाजते तशी, बुटांच्या खोक्यांवर कुणीतरी बारीक धूळ चाळत असावे अशी, ‘बिजागरी’ नावाची रचना वाजत होती. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या भावाला थोडे ओशाळल्यासारखे झाले आणि थोडे सुखावल्यासारखेही. ही आमचीच, असे तो सांगणार होता. इतक्या वर्षांत ताईने त्याचे आणि त्याच्या जोडीदाराचे एकही काम ऐकले नव्हते. ऐकण्यासारखे काही करा, मग ऐकते, असे ती म्हणत आली होती. डोळे तपासायला म्हणून ती शहरात आली होती, आणि डोळ्यांचे उरकल्यावर, आता आलेच आहे तर, म्हणून बूट. ‘अरे,’ ताई म्हणाली. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तितक्या हळू. ‘ही आई आहे.’

तो हसला. बिजागरी आहे ती, गंजलेली, नावच बिजागरी आहे, असे काहीसे म्हणाला. ताईने वाद घातला नाही. मांडीवरच्या रिकाम्या खोक्यावर तिने एक बोट ठेवले आणि आवाजाबरोबर ते उचलू लागली: दोन आखूड, एक लांब, लांबाच्या शेपटाला बारीक शिट्टी, आणि मग काहीच नाही. त्या काहीच नसण्यात तिचे बोट अधांतरी राहिले. ‘इथे मी जीव मुठीत धरून बसायचे,’ ती म्हणाली. ‘आता बघ, खोकला गिळेल.’ आणि वर जाळीत एक टिचकी वाजली, नखाएवढी, ओलसर. त्या टिचकीचा त्याला फार अभिमान होता. आजूबाजूचे सगळे खरवडून काढून, दिवसचे दिवस राबून, त्याने ती एकटी पुढे आणली होती. सबंध रचनेचा ताल तिच्यावर पेलला होता. तिच्यावर काळोख्या सभागृहांतून अनोळखी माणसांनी डोळे मिटून माना हलवल्या होत्या, पाय आपटले होते. आधी त्याच्या पाठीला कळले. लहानपणी ज्या छातीला पाठ लावून तो झोपत असे, तिची वरखाल त्याच्या मणक्यांना ओळखीची होती. तिथून काहीतरी गार वर चढत गेले. कानांना त्यानंतर कळले. त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी. विक्रेता पट्टी हातात धरून अदबीने वाट पाहत होता. हे संगीत गिऱ्हाइकांना आवडते, तो म्हणाला; श्वास संथ होतो म्हणे, माणूस घाई करत नाही.

गाव म्हणजे एक सूतगिरणी आणि तिच्या भोंग्याभोवती दाटीने बसलेली घरे. आई कापूस पिंजण्याच्या खात्यात होती. संध्याकाळी ती घरी येई तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या असत आणि ताई म्हणे, आली गं बाई म्हातारी. मग आई पदराने भुवया पुसे आणि पुन्हा तरुण होई. एका वर्षी भुवया पुसूनही ती तरुण झाली नाही. कापूस बाहेरचा आत गेला होता आणि आत बसून राहिला होता. तिच्या त्या वाजणाऱ्या श्वासाची घरात सगळ्यांना इतकी सवय झाली, की घड्याळ बंद पडल्यावर जशी शांतता ऐकू येते तसे आई घरात नसली की घर ऐकू येई. तो मात्र त्यातून लवकर सुटला. कर्णे भाड्याने देणाऱ्याचा आणि दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा त्याच्या वर्गात होता; त्याच्या चड्डीच्या खिशांत स्क्रू, तारा, फुटक्या स्पीकरचे चुंबक आणि एकदा तर चालू घड्याळ सापडल्यामुळे सगळे त्याला खिसा म्हणत. आणि हा, आईची सूत तोडायची कातर चोरून त्या दुकानातल्या टेपच्या फिती कापायचा, उलटसुलट चिकटवायचा. पुढाऱ्याच्या भाषणात मधेच बकरी बोलायची. म्हणून हा कातर. एक खिसा, एक कातर, दोघे मिळून एक खिसेकापू, असे गणिताचे मास्तर म्हणाले तेव्हा वर्ग पोट धरून हसला, आणि पुढे शहरात पहिल्या कार्यक्रमाच्या जाहिरातीवर काय छापायचे हा प्रश्न आला तेव्हा दोघांनाही दुसरे काही सुचलेच नाही. खिसेकापू. नाव लोकांना आवडले. गिरणीचे निळे डगले घालून दोघे मंचावर एकमेकांकडे पाठ करून बसत, कानात कापसाचे बोळे कोंबून. शेवटी माईकसमोर पंखा सुरू करून निघून जात आणि लोक पंख्यासाठी टाळ्या वाजवत. छोट्या गावाचा यांत्रिक शोक, असे एका समीक्षकाने लिहिले होते. ते वाचून खिसा म्हणाला होता, शोक कसला, भाड्याचा पंखा आहे.

कामाची रीत ठरलेली होती. खिसा वेचणार, कातर कापणार. खिसा कुठेकुठे जाऊन आवाज घेऊन येई, पण आणलेला आवाज तो तसाच कधी देत नसे. फीत संथ करून, चौपट लांबवून देई, म्हणजे कापणाऱ्याला चव कळावी, पदार्थ कळू नये. हे कशाचे, असे कातरने विचारायचे नाही. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, आणि आवाजाचे गाव, असे ते मुलाखतींतून सांगत आणि मुलाखत घेणारी मुलगी खूश होऊन मान डोलावी. दुसरा नियम कातरचा होता: काम संपले की मूळ फीत पुसायची. उरलेसुरले सांभाळणे हा त्याला आजार वाटे. गाव सोडताना त्याने स्वतःच्या घराचा शेवटचा फोटोसुद्धा मागे ठेवला होता. आणि तिसरी गोष्ट, जिला नियम म्हणावे लागले नाही: माणूस चालणार नाही. एखाद्या फितीत मागे कुणी बोलले, शिंकले, हसले, की कातर हात वर करी आणि म्हणे, माणूस लागलाय. कपड्याला डांबर लागावे तसे. मग तो तुकडा कापून टाकायचा किंवा खिशाने पुन्हा जाऊन तो आवाज परत घ्यायचा. माणूस लागला की आवाज काहीतरी मागू लागतो, असे त्याचे म्हणणे होते, आणि मागणाऱ्या आवाजावर काही उभे करता येत नाही.

आई गेली तेव्हा तो गावात नव्हता. गिरणी पाडत होते. खिसा भोंग्याचा शेवटचा आवाज घ्यायला म्हणून गेला होता, आणि जातोच आहेस तर घरी डोकावून ये, असे त्यानेच सांगितले होते. त्याचा स्वतःचा इथे शहरात एक कार्यक्रम होता. कुठल्या तरी चित्रप्रदर्शनाच्या कोपऱ्यातला, बशीतले काजू खात लोक ज्याच्याजवळून निघून गेले असा. सगळे उरकल्यावर तो पोचला तेव्हा ताई भांडी घासत होती. खिशाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढेच सांगितले होते: काकू शेवटी शांत होत्या. तेव्हा त्याला दुःखाच्याही आधी जे झाले, त्याला सुटका असे नाव होते, आणि ते नाव त्याला त्या क्षणीही माहीत होते. आपण नव्हतो ते बरेच झाले. पुढे काही दिवसांनी, दुपारी, खिशाने एक फीत टेबलावर ठेवली. कातरने हेडफोन चढवला. काहीतरी खूप जड, खूप जुने, स्वतःच्याच वजनाखाली उघडत होते आणि मिटत होते. दार असावे. उघडताही येत नाही आणि लागतही नाही असे दार. त्याच्या अंगावर काटा आला, सुखाचा. कारागिराला चांगले लाकूड मिळाल्यावर येतो तसा. बिजागरी, तो ओरडला, लेका, कुठली बिजागरी आहे ही, नको, सांगू नकोस. त्या आठवड्यात तो आनंदात होता. तेल घाला रे म्हातारीला, असे म्हणत फीत फिरवायचा. नाकाने ती शिट्टी काढून दाखवायचा, पुढे मेजवान्यांतूनसुद्धा दाखवत आला, आणि लोक हसून बेजार होत. आणि फितीच्या शेवटी, बिजागरी थांबल्यावर, एक घोगरी, लांबट घरघर होती. कुणीतरी फरशीवरून कपाट ओढावे तशी, तीन हिसक्यांत. संथ केलेले बोलणे त्याला कधीही ओळखू येई. त्याने हात वर केला होता. शेवटी माणूस लागलाय, तो म्हणाला होता. खिसा खिडकीशी उभा राहून बाहेर पाहत होता. मान न वळवता त्याने म्हटले होते: मग काप.

‘काहीतरी बोलली ना ती?’ ताई विचारत होती. तिने अजून दुसरा पाय बुटात घातला नव्हता. आईला दम फार लागला म्हणून ताई गिरणीच्या दवाखान्यातून प्राणवायूचा सिलिंडर आणायला गेली होती, धावत. आणि परत आली तेव्हा सिलिंडरचा उपयोग उरला नव्हता. हे त्याला माहीत होते. पण ताई ते आता पहिल्यांदा सांगावे तसे सांगत होती, छताकडे बघत. तुझा मित्र होता जवळ, म्हणून तर गेले. एकटी असती तर गेले नसते. त्याला विचारले तर म्हणाला, शांत होत्या. आई आणि शांत. जन्मभर जिने झोपेतसुद्धा आवाज केला ती. मग ती एकदम व्यवहारी झाली. विक्रेत्याला म्हणाली, हेच द्या, चावत नाहीत. पिशवी घेतली, भावाकडून घराची किल्ली मागून घेतली. ‘मी घरी जाऊन बसते. तू ते सगळं घेऊन ये. कापलेलं नको, आख्खं. ती मागे काही म्हणाली का, एवढंच मला ऐकायचंय. मला शिव्या दिल्या असतील तरी चालेल.’ दारापाशी तिने वळून पाहिले. तिच्या डोळ्यांत तपासणीच्या वेळी घातलेले थेंब होते, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, आणि त्या मोठ्या काळ्या बाहुल्यांत त्याला दुकानातले सगळे दिवे दिसले, स्वतः दिसला नाही. आख्खे आता कुठेही नाही, हे त्याने तिला सांगितले नाही.

कामाची खोली बंद पडलेल्या एका बर्फाच्या कारखान्यात होती. भिंती जाड, खिडकी एकच, दारामागे गाद्या उभ्या केलेल्या. तिथवर तो चालत गेला. वाटेत शहर नेहमीसारखेच आवाज करत होते आणि प्रत्येक आवाजाला आज गाव फुटले होते. दुकानाचे लोखंडी दार खाली ओढले गेले, ते कुणाची तरी पाठ मोडल्यासारखे. बसच्या दारातून सुटलेली हवा हा कुणाचा तरी सुस्कारा होता. त्याला वाटले, आपण आयुष्यभर काय काय कापले असेल. एखाद्या पंपाच्या धडधडीत कुणी मूल दडलेले असेल. कुणाकुणाच्या आया असतील. मग त्याच्या हेही ध्यानात आले, की असे वाटण्यात त्याला किंचित गोडी लागते आहे, या वाटण्याचीही एक लय आहे, आणि पावले ती लय धरून पडत आहेत. तो थबकला. लय थांबली नाही.

खिसा जमिनीवर बसून एका जुन्या विजेच्या मोटारीचे पोट उघडत होता. कातरने उभ्याउभ्याच ताईचे ‘ही आई आहे’ हे वाक्य सांगितले. खिशाने पेचकस खाली ठेवला, हात डगल्याला पुसले. तो दचकला नाही. उलट फार दिवस पाहुण्याची वाट पाहून कंटाळलेल्या यजमानासारखा दिसला. ताईने ओळखले, तो म्हणाला. बरोबर, ताईच ओळखणार. मग त्याने सांगितले ते असे, की काकूंच्या शेजारी तो बसला होता आणि काय करायचे ते त्याला कळत नव्हते. हात धरावा तर त्यांच्या हाताला धरवत नव्हते. पाणी द्यावे तर घशातून उतरत नव्हते. त्याला या जगात एकच गोष्ट करता येत होती, ती त्याने केली. आणि फीत आणली, ती कातरसाठीच आणली. काकू कशा गेल्या हे तोंडाने सांगणे त्याला जमणार नव्हते. संथ करून दिली, कारण रीत तशी होती, आणि कारण आहे तशी ऐकवायची हिंमत नव्हती.

‘मला वाटलं, तू ओळखशील,’ खिसा म्हणाला. ‘मी तिथे खिडकीत उभा राहून वाट बघत होतो. तू नाकाने शिट्टी काढून दाखवलीस.’

‘तू मला थांबवलं नाहीस. काप म्हणालास.’

‘हो. म्हणालो.’ खिशाच्या आवाजात राग नव्हता. राग वापरून संपल्यावर राहते ती गुळगुळीत जागा होती. ‘तू स्वतःच्या आईला म्हणालास, माणूस लागलाय. मी म्हटलं, मग काप. तीच लायकी होती तुझी. तुझीपण, आणि माझीपण.’

म्हणजे तेव्हापासून, प्रत्येक मंचावर, याच्या पाठीला पाठ लावून बसलेला माणूस जाणून होता. टाळ्यांच्या वेळी जाणून होता. मेजवान्यांतून हा नाकाने शिट्टी वाजवत असताना कोपऱ्यात पेला धरून तोही हसला होता, सगळ्यांच्या नंतर थांबला होता. कातरला त्याचा द्वेष करायचा होता. त्याने आत हात घालून द्वेष शोधला आणि हाताला एक प्रकारचा मत्सर लागला. याच्यापाशी ती होती. आख्खी. त्याने विचारले, काय म्हणाली ती. शेवटी. ते तीन हिसके. आणि हा प्रश्न विचारताना त्याचा आवाज लहान मुलाच्या आवाजासारखा चिरकला, याचीही त्याच्या कानाने नोंद घेतली.

खिशाने मोटारीची एक तार बोटाभोवती गुंडाळली. ‘मला नाही माहीत.’

‘तू तिथे होतास.’

‘कानावर हेडफोन होता. यंत्रावरची सुई लाल खुणेच्या पुढे जात होती, फाटला असता आवाज. मी सुई बघत होतो. बोलल्या ते ऐकलं मी, अगदी स्वच्छ ऐकलं. पण शब्द नाही ऐकले. आवाज ऐकला.’ तो कातरकडे पहिल्यांदा सरळ बघून म्हणाला, ‘तूही तेच केलं असतंस.’

हे खरे होते, आणि खोलीच्या जाड भिंतींत ते खरेपण कुठेही मुरले नाही, तसेच मधोमध उभे राहिले. जगात तिच्या शेवटच्या बोलण्याला एकच साक्षीदार होता आणि त्याने ते बोलणे यंत्राच्या खडखडाटासारखे लक्ष देऊन ऐकले होते. मग खिसा म्हणाला, पण चाल येते मला. आणि विचारल्याशिवाय, तोंड मिटून, त्याने ती गुणगुणली: खाली एक, मग एक वर चढणारी, मग खाली येऊन विरणारी. त्याचे कान कधी चुकत नसत. शब्द गळून पडलेली आई खोलीत होती. तिच्या बोलण्याचा उतार, शेवट अर्धा गिळायची ती खोड, सगळे जसेच्या तसे. कातर खुर्चीवर बसला. तो त्या चालीवर शब्द घालून बघू लागला, अंधारात किल्ल्या लावून बघावे तसे. आला का तो? बसले. पाणी दे ना. तेही बसले. जाऊ दे रे. अगदी चपखल, जणू याच शब्दांसाठी ती चाल होती. ताईला ही ओळ नेता आली असती. मग त्याच्या मनात आणखी एक वाक्य आले, आणि ते आल्यावर आधीची सगळी सैल वाटली. बंद कर ते. उशाशी बसलेल्या, हेडफोन घातलेल्या, सुईकडे पाहणाऱ्या मुलाला, जन्मभराचा सगळा श्वास गोळा करून: बंद कर ते. ते इतके घट्ट बसले की निघेना. त्याने खिशाकडे पाहिले. खिशाने मान खाली घातली होती. त्यानेही कधीतरी, फार पूर्वीच, ही किल्ली लावून पाहिली होती, हे त्या मानेवरून कळत होते.

घरी ताई बसली असेल. नवे बूट घालून, घरातल्या घरात चार पावले टाकून पाहत असेल. तिला रिकाम्या हाताने सांगता येणार नव्हते की पुसले, माझ्या नियमाप्रमाणे पुसले. आणि इथे, या विचाराच्या टोकाशी, त्याच्या आत काहीतरी थंडपणे, कारागिरासारखे हलले. खिशाची गुणगुण घ्यायची. किंचित वेगाने फिरवायची, म्हणजे बाईच्या पट्टीत जाईल. कडा झिजवायच्या, वर श्वासाची फुंकर घालायची. श्वास तर होताच, प्रत्येक दुकानात वाजत होता. शब्द नकोत, शब्दांच्या जवळपास काहीतरी, म्हणजे ताईला जे हवे ते ती स्वतः ऐकून घेईल. ताईचा कान त्याला माहीत होता. बुटांच्या दुकानात छतातून तिने आईला ओळखले होते. ती फसणार नाही. तरीही हात माईककडे गेला होता, तार लावून झाली होती, हेडफोन कानावर बसला होता, आणि बाहेरचे जग मिटून त्या जुन्या, गुबगुबीत, दोष नसलेल्या शांततेत तो पोचला होता. त्याने काही समजावले नाही. खिशाला समजले. तो माईकसमोर गुडघे टेकून बसला, ज्या अंतरावर बसावे त्याच अंतरावर. लाल दिवा लागला. सुई हलकेच उठली.

खिशाने पहिला सूर लावला, खालचा. मग चढणारा. तो लांबला, नितळ, जुन्या उताराने पुढे येत राहिला, आणि कातरने डोळे मिटले. तिसरा सूर येण्याआधी ती अर्धी थांबत असे, तिथे खिसाही थांबला. तिसरा सूर आलाच नाही. हुंदका आला, मोठ्या माणसाचा, ओबडधोबड, नाकातोंडातून, इतक्या वर्षांचा. सुई लाल खुणेच्या पलीकडे गेली आणि तिथेच थरथरत राहिली. खिशाने दोन्ही तळवे तोंडावर घेतले होते. त्याच्या पाठीवर हात ठेवायला कातर फक्त वाकला असता तरी पुरले असते.

त्याने हात वर केला.

‘माणूस लागला,’ तो म्हणाला. ‘परत घे.’